‘शोभणे’ आणि ‘वठणे’ : पात्रयोजनेविषयीच्या प्रेक्षकचर्चेचा इतिहास

१

नाटकाचा किंवा चित्रपटाचा इतिहास लिहिताना आपण नाटककार, नट, मंडळ्या, नाट्यगृहे व त्यांचे उत्पन्न यांची नोंद करतो. प्रयोग संपल्यावर प्रेक्षक काय बोलत घरी जातात याची नोंद मात्र क्वचितच होते. हे स्वाभाविक आहे. कारण ते बोलणे कोणी लिहून ठेवीत नाही. तथापि अमुक भूमिका अमुक नटास का दिली, ती दुसऱ्यास द्यावयास हवी होती काय, मूळ कथेतील पात्र असे होते काय, या प्रश्नांवर प्रेक्षकांनी घातलेला वाद हा नाट्यव्यवहाराचाच एक भाग आहे; आणि त्या वादाची भाषा तपासली असता त्याचा इतिहास पुष्कळसा हाती लागतो. प्रस्तुत लेखात हा प्रयत्न करावयाचा आहे.

या विषयाकडे लक्ष वेधले ते देवरी येथील एका अनुभवामुळे. देवरी हे गोंदिया जिल्ह्यातील, छत्तीसगडच्या सीमेलगतचे, मुंबई-कोलकाता महामार्गावरील तालुक्याचे गाव. भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या चार जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टीचा हा पूर्वेकडील भाग होय. दिवाळीनंतर येथे गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार किंवा नाटक चालते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर रात्रीच्या प्रयोगाचा निवाडा होतो. अशा एका निवाड्यात प्रस्तुत लेखकाने दोन वाक्ये ऐकली. एक, “त्याला राजाचं काम सोभत नाही”. आणि दुसरे, “पण काम वठलं”. झाडीबोलीत श-काराचा स-कार होतो, म्हणून येथे ‘सोभत’. थोड्या वेळाने त्याच टपरीवर महाविद्यालयात शिकणारी काही मुले ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन अंतराळ-अद्भुत चित्रपटमालिकेविषयी बोलू लागली. त्यांचा विषय होता तो त्या मालिकेतील एका तरुण नटाचा; त्याला ती भूमिका शोभते की नाही, हा. पात्रे निराळी, देश निराळा, काळ निराळा. परंतु वादाची क्रियापदे तीच होती.

ही दोन क्रियापदे समानार्थी नाहीत, आणि पात्रयोजनेविषयीच्या चर्चेचा सारा इतिहास या दोहोंमधील अंतरात सामावलेला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘शोभणे’ हे ‘शुभ्’ या संस्कृत धातूपासून आलेले क्रियापद. मूळ अर्थ प्रकाशणे, सुंदर दिसणे. मराठीत त्याचा प्रयोग दोन प्रकारांनी होतो. “तिला हिरवे लुगडे शोभते” यात तो रूपाविषयी आहे. “हे बोलणे तुला शोभत नाही” यात तो आचाराविषयी, किंबहुना मर्यादेविषयी आहे. पहिल्या अर्थावरून दुसऱ्यावर बोलणाऱ्याचे मन केव्हा घसरते हे त्याचे त्यालाही कळत नाही. शिवाय या क्रियापदात ज्याला शोभावयाचे ती व्यक्ती चतुर्थीत येते, आणि निवाडा तिचाच होतो. प्रयोगापूर्वीही हे क्रियापद वापरता येते. नुसते नाव ऐकून “त्याला नाही शोभणार” असे म्हणता येते.

‘वठणे’ याची गोष्ट निराळी. ठसा किंवा छाप नीट उमटणे हा त्याचा एक अर्थ आहे, आणि “भूमिका वठली” हा प्रयोग त्याच्याशी जुळणारा आहे. येथे वाक्याचा कर्ता भूमिका असते, नट नव्हे. नट आला तर “त्याच्याकडून” असा येतो. आणि ठसा उमटल्यावाचून तो कसा उमटला हे सांगता येत नाही, म्हणून “वठली” हा निर्णय प्रयोगानंतरच देता येतो. “वठणार नाही” असे भाकीत कोणी केले तरी ते भाकीतच राहते.

तिसरा शब्द ‘पात्र’. ‘पा’ म्हणजे पिणे या धातूपासून पिण्याचे भांडे, त्यावरून धारण करणारा, त्यावरून योग्य असा ग्रहणकर्ता, आणि त्यावरूनच नाट्यातील व्यक्ती. मराठीत ‘पात्र’ म्हणजे कथेतील व्यक्तीही आणि ती रंगविणारा नटही. ‘पात्रता’ हा शब्द याच कुळातला आहे. तेव्हा पात्रयोजनेच्या वादात कोण योग्य आणि कोण अयोग्य हा प्रश्न भाषेनेच आणून ठेवला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

३

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार भरताच्या नाट्यशास्त्रात आलेला आहे. भूमिकांच्या वाटपाविषयीच्या अध्यायात भरताने नटाची चाल, वाणी, अंगयष्टी व स्वभाव पाहून त्याला भूमिका द्यावी असे सांगितले आहे. देवांच्या भूमिकांसाठी निर्दोष अंगाचे व मधुर वाणीचे नट, राक्षसांच्या भूमिकांसाठी धिप्पाड देहाचे व मेघासारख्या आवाजाचे नट, अशी त्याची योजना आहे. हा ‘शोभण्या’चा विचार होय. परंतु त्याच ठिकाणी भरताने भूमिकेचे तीन प्रकारही मानले आहेत. स्त्रीने स्त्रीची व पुरुषाने पुरुषाची, वयाला अनुसरून भूमिका करावी ती अनुरूपा. बालकाने वृद्धाची किंवा वृद्धाने बालकाची करावी ती विरूपा. आणि पुरुषाने स्त्रीची किंवा स्त्रीने पुरुषाची करावी ती रूपानुसारिणी. नटाने स्वतःचा स्वभाव टाकून दुसऱ्याचा कसा स्वीकारावा हे सांगताना भरत एक देह सोडून दुसऱ्यात जाणाऱ्या जीवाचा दृष्टान्त देतो. हा ‘वठण्या’चा विचार होय. शास्त्रकाराने दोन्ही मान्य केले आणि त्यांतील एकाने दुसऱ्याचा बाध होतो असे म्हटले नाही, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

४

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हापासून मराठी प्रेक्षकासमोर रूपानुसारिणी भूमिकेचाच प्रश्न प्रथम आला; कारण सीता पुरुषच करीत असे. विष्णुदासी नाटकात सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे त्या अनुरोधाने अभिनय व प्रसंगोचित भाषणे करीत. म्हणजे एका पात्राचा गाता आवाज एकाचा व देह दुसऱ्याचा, ही व्यवस्था मराठी प्रेक्षकास आरंभापासूनच परिचित होती. ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकीत येणारा राक्षस हा तर देहाने व आवाजाने राक्षस ‘शोभावा’ यासाठीच योजिलेला असे.

पुढे संगीत नाटकाच्या काळात हा प्रश्न अधिक सूक्ष्म झाला. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांनी १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत प्रवेश करून शकुंतलेची भूमिका केली, १९११ साली ‘मानापमान’मधील भामिनी केली, आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. पुरुषाने स्त्री होणे हे त्यांच्या बाबतीत वठले इतकेच नव्हे, तर ते शोभले. आणि येथे या दोन शब्दांचा क्रम उलटला असे दिसते. सामान्यतः शोभेल असे वाटते म्हणून भूमिका दिली जाते व मग ती वठते. येथे ती वठली म्हणून शोभू लागली, आणि मग स्त्रियांचे वस्त्रालंकार कसे असावेत याचा आदर्श म्हणून प्रेक्षकांतील स्त्रियाच त्या नटाकडे पाहू लागल्या.

पात्रयोजनेविषयीच्या चाहत्यांच्या उत्कंठेचा त्या काळातील ठळक प्रसंग म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग. त्यात गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर झाले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या नायकांस एका रंगमंचावर आणणे ही नुसती निधिसंकलनाची युक्ती नव्हती. कोणाचे गाणे श्रेष्ठ, या दोन पक्षांतील वादाचा निवाडा प्रत्यक्ष प्रयोगाने व्हावा ही प्रेक्षकांची इच्छा त्यामागे उभी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवरावांचे निधन झाले, म्हणून त्या प्रयोगाची स्मृती अधिकच गडद झाली.

५

चित्रपटाने हा प्रश्न निराळ्या स्वरूपात मांडला. रंगमंचावर दूर असलेला चेहरा येथे जवळ आला, आणि शोभण्याची कसोटी कठोर झाली. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये, १९१३ साली, तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, ते त्यापूर्वी एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. स्त्रिया चित्रपटात काम करावयास तयार नव्हत्या, म्हणून ही योजना करावी लागली. फाळके यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी कामे केली, तेव्हा स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्याचा आरंभ झाला. तरीही १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम व सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. एकच देह राम म्हणूनही आणि सीता म्हणूनही प्रेक्षकांनी स्वीकारला, हे आजच्या प्रेक्षकास नवल वाटेल. परंतु ज्या प्रेक्षकाच्या मनात राम व सीता आधीच स्पष्ट होते, त्याला पडद्यावरचा देह केवळ खूण म्हणून पुरेसा होता.

याच तारामतीची भूमिका १९३२ साली प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या चित्रपटात दुर्गा खोटे यांनी केली. त्या मुंबईच्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यातील होत्या. १९३१ साली ‘फरेबी जाल’ या चित्रपटातील लहानशा कामामुळे त्यांच्यावर टीका झाली होती. येथे आपल्या दोन अर्थांचा संकर पुरतेपणी दिसून येतो. त्यांना तारामती शोभते की नाही हा प्रश्न रूपाचा होता. त्यांना चित्रपटात काम करणे शोभते की नाही हा प्रश्न समाजमर्यादेचा होता. क्रियापद एकच, म्हणून दुसरा प्रश्न पहिल्याच्या वेषात वावरला. ‘अयोध्येचा राजा’च्या यशाने पहिल्याचे उत्तर दिले, आणि त्या उत्तराने दुसरा प्रश्न विचारण्याचा आवाज हळूहळू खाली आला. साळुंके यांच्या तारामतीपासून खोटे यांच्या तारामतीपर्यंत एकोणीस वर्षे गेली. पात्र तेच राहिले. त्या पात्रास कोण ‘पात्र’ आहे याची कल्पना बदलली.

प्रभातचीच आणखी दोन उदाहरणे घेऊ. १९३५ च्या ‘धर्मात्मा’मध्ये बालगंधर्व एकनाथ झाले. १९३६ च्या दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले, रंगभूमीवर ते स्त्रीभूमिकांसाठी ओळखले जात असत. म्हणजे स्त्रीभूमिकांत नाव मिळविलेल्या दोन नटांस दोन संतांच्या भूमिका मिळाल्या. ‘धर्मात्मा’ला ‘संत तुकाराम’सारखे यश लाभले नाही. ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुढे तुकारामांचे चित्र म्हणून पागनीसांचाच चेहरा घराघरांत पोहोचला. नटाच्या पूर्वेतिहासावरून भूमिका शोभेल की नाही हे ठरविणाऱ्याने या दोन चित्रपटांविषयी काय भाकीत केले असते? दोन्ही वेळा पूर्वेतिहास सारखाच होता. फळ निराळे आले. अर्थात पूर्वेतिहास हा निर्णायक नव्हे.

त्याहूनही बोलके उदाहरण शाहू मोडक यांचे. अहमदनगरच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले मोडक १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मध्ये बालकृष्ण झाले, १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर झाले, आणि पुढे अनेक चित्रपटांतून कृष्ण झाले. मराठी प्रेक्षकाने त्यांचा धर्म विचारला नाही असे नव्हे. तो सर्वांस ठाऊक होता. ठाऊक असूनही भूमिका वठली हा निर्णय त्याने दिला. आपल्या प्रेक्षकाच्या इतिहासातील ही एक गौरवाची नोंद आहे आणि ती विसरू नये.

६

दूरचित्रवाणीने हीच चर्चा घरोघर नेली. १९८७-८८ मध्ये रामानंद सागर यांची ‘रामायण’ आणि १९८८ ते १९९० या काळात बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ ही मालिका प्रसारित झाली. कृष्णाच्या भूमिकेत नितीश भारद्वाज हे मराठी नट होते. या मालिकांनंतर चेहरा व पात्र इतके एकजीव झाले की लोकसभेच्या निवडणुकांतही त्याचा प्रत्यय आला. १९९१ साली सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया बडोद्यातून व रावणाची भूमिका करणारे अरविंद त्रिवेदी साबरकांठातून निवडून आले. १९९६ साली भारद्वाज जमशेदपूरहून निवडून आले. रावण झालेला नटही निवडून आला, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. मतदाराने पात्राच्या दुष्टपणास मत दिले नाही. वठलेल्या कामास मान दिला. ‘महाभारता’त ‘समय’ हे पात्र तर हरीश भिमानी यांच्या केवळ आवाजाने उभे राहिले. त्याला देहच नव्हता, म्हणून त्याच्याविषयी शोभण्याचा वाद उद्भवलाच नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण म्हणजे ओम राऊत या मराठी दिग्दर्शकाचा, जून २०२३ मध्ये प्रदर्शित झालेला ‘आदिपुरुष’. संगणकनिर्मित दृश्यांनी भरलेल्या या रामकथेतील पात्रयोजनेवर, वेषभूषेवर व संवादांवर प्रखर टीका झाली. त्या टीकेचे दोन भाग पाडता येतात. हनुमानाच्या तोंडी रस्त्यावरची भाषा आली, ही तक्रार कामाविषयीची होती; ती प्रयोग पाहिल्यावर करण्यात आली, तिला प्रमाण देता येत होते, आणि निर्मात्यांना काही संवाद बदलावे लागले. रावणाच्या दाढी-केसांवरून व तो करणाऱ्या नटावरून उठलेला गदारोळ मात्र बराचसा २०२२ च्या ऑक्टोबरातील झलकीवरूनच, म्हणजे चित्रपट पाहण्यापूर्वीच, उठला होता. त्यातही रावणाच्या रूपाविषयीचा रास्त प्रश्न होता. परंतु तो प्रश्न कोठे संपतो आणि नटाच्या पात्रतेविषयीचा कोठे सुरू होतो, हे बोलणाऱ्यांनी फारसे तपासले नाही. त्याच चित्रपटातील हनुमान देवदत्त नागे यांनी केला. मराठी प्रेक्षक त्यांना ‘जय मल्हार’मधील खंडोबा म्हणून ओळखत होता. एका दैवताचा चेहरा दुसऱ्या दैवतास दिला, ही गोष्ट त्याला खटकली नाही.

७

आता देवरीच्या टपरीवरील त्या मुलांच्या विषयाकडे वळू. जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ मे १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. दूरच्या तारामंडलातील राजकन्या, योद्धे, गुरू व काळ्या मुखवट्यातील खलनायक यांची ही कथा. नायकाच्या भूमिकेत मार्क हॅमिल हा फारसा परिचित नसलेला तरुण, आणि वृद्ध गुरूच्या भूमिकेत ॲलेक गिनेस हा मान्यवर ब्रिटिश नट, अशी योजना होती. डार्थ व्हेडर या खलनायकाचा देह डेव्हिड प्राउज या धिप्पाड भारोत्तोलकाचा आणि आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा होता. भरताने राक्षसासाठी मागितलेला स्थूल देह व मेघगर्जनेचा स्वर लुकास यांनी दोन माणसांकडून घेतला, असे म्हणता येईल. १९८३ च्या तिसऱ्या चित्रपटात मुखवटा उतरला तेव्हा आत तिसराच चेहरा, सेबॅस्टियन शॉ यांचा, दिसला. एका पात्राचे तीन धारणकर्ते. आणि प्रेक्षकाने ते एकच पात्र म्हणून घेतले. विष्णुदासी नाटकातील सूत्रधाराचे गाणे ऐकणाऱ्या प्रेक्षकाशी त्याचे नाते जवळचे आहे.

रामायणाच्या प्रेक्षकास कथा हजारो वर्षांची मिळालेली असते. ‘स्टार वॉर्स’च्या प्रेक्षकास ती १९७७ साली मिळाली, परंतु १९९९ साली मालिकेचे पुढचे चित्रपट सुरू झाले तेव्हा लहानपणी ती पाहिलेली पिढी प्रौढ झाली होती, आणि ती कथा आपल्या ताब्यातील ठेव आहे असे तिला वाटू लागले होते. पुराणकथेचे सारे लक्षण तेथे बावीस वर्षांत प्राप्त झाले. व्हेडरचे बालपण व तारुण्य दाखविणाऱ्या या चित्रपटांत तरुण व्हेडर झालेल्या हेडन क्रिस्टेन्सन यांच्या २००२ व २००५ मधील कामावर कडक टीका झाली. २००४ च्या आवृत्तीत तर १९८३ च्या चित्रपटाच्या शेवटी दिसणाऱ्या शॉ यांच्या जागी क्रिस्टेन्सन यांची आकृती घालण्यात आली, आणि जुन्या प्रेक्षकांस ते मूर्तिभंजन वाटले. परंतु २०२२ साली तेच क्रिस्टेन्सन त्याच भूमिकेत परत आले तेव्हा त्यांचे स्वागत झाले. कारण २००५ साली जी मुले होती ती आता मोठी झाली होती, आणि त्यांच्या मनावर उमटलेला ठसा त्यांचाच होता. यावरून वठण्याचा निर्णयदेखील एका पिढीत पुरा होत नाही, असे दिसते.

इतपर्यंतचा वाद हा प्रेक्षकाच्या अधिकारातील आहे. त्यापुढील गोष्ट निराळी. १९९९ च्या चित्रपटात जार जार बिंक्स हे विनोदी पात्र अहमद बेस्ट यांनी केले. ते पात्र पुष्कळांस आवडले नाही, आणि ते न आवडण्यास कारणेही देता येतात. परंतु राग पात्रावरून माणसावर गेला. त्या दिवसांत आपण जीव देण्याच्या विचारापर्यंत आलो होतो, असे बेस्ट यांनी २०१८ साली सांगितले. २०१४ साली नव्या चित्रपटाच्या झलकीत सैनिकाच्या वेषात जॉन बोयेगा हे कृष्णवर्णीय नट दिसले, तेव्हा एक अक्षर बोलण्यापूर्वीच त्यांच्याविरुद्ध ओरड झाली. २०१७ च्या चित्रपटात रोझ झालेल्या केली मेरी ट्रॅन या व्हिएतनामी वंशाच्या अमेरिकन नटीस इतका छळ सोसावा लागला की २०१८ साली त्यांनी आपले सार्वजनिक लेखन काढून टाकले. आणि २०१९ च्या पुढील चित्रपटात त्यांच्या पात्रास अगदीच थोडा वेळ मिळाला. २०२२ साली मोझेस इन्ग्रम या नटीस वर्णद्वेषी संदेश आले, तेव्हा युअन मॅक्ग्रेगर या सहकारी नटाने जाहीरपणे तिची बाजू घेतली.

या साऱ्या प्रकारांत ‘शोभत नाही’ हे वाक्य रूपाच्या अर्थाने सुरू झाले आणि मर्यादेच्या अर्थावर येऊन थांबले. १९३१ साली मुंबईत जे दुर्गा खोटे यांच्या वाट्याला आले, त्याचेच हे दुसरे रूप. फरक एवढाच की तेव्हा बोलणारे आप्तस्वकीय व परिचित होते. आता ते हजारो मैलांवरचे अनोळखी लोक आहेत आणि त्यांचे बोलणे हवेत विरत नाही. आरंभी म्हटले की प्रेक्षकांचे बोलणे कोणी लिहून ठेवीत नाही. ही स्थिती आता बदलली आहे. ते लिहिले जाते, साठते, आणि ज्याच्याविषयी ते असते त्याच्यापर्यंत रात्री-अपरात्री जाऊन पोहोचते.

अहमद बेस्ट यांच्या कथेचा उत्तरार्ध मात्र नोंदवला पाहिजे. २०२३ साली त्याच कथाविश्वातील एका दूरचित्रवाणी मालिकेत ते एका शूर योद्ध्याच्या भूमिकेत आले आणि प्रेक्षकांनी त्यांचे मनापासून कौतुक केले. माणूस तोच होता. भूमिका वठली.

८

झाडीपट्टीकडे परत येऊन समारोप करू. येथील दंडारीत स्त्रीचे सोंग पुरुषच घेत आले आहेत. पूर्वी गावची मंडळीच नाटक बसवीत. नट्या तेवढ्या बाहेरून आणीत. पुढे वडसा, म्हणजे देसाईगंज, येथील व्यावसायिक मंडळ्यांकडून प्रयोग घेण्याची पद्धत रूढ झाली. परशुराम खुणे यांच्यासारख्या नटाने हजारो प्रयोगांतून शेकडो भूमिका केल्या आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. इतक्या भूमिका एकाच देहाला शोभणे शक्य नाही. त्या वठल्या एवढेच म्हणता येईल.

गावची मंडळी नाटक करीत त्या काळी प्रेक्षकास एक गोष्ट अनायासे कळत होती. रात्रीचा रावण सकाळी शेजारच्या बांधीत धान कापताना भेटत असे. त्याच्या कामाविषयी वाटेल ते बोलावे, थट्टा करावी, पुढच्या वर्षी हे काम दुसऱ्याला द्या असेही सांगावे. परंतु ते त्याच्या तोंडावर सांगावे लागे, आणि दुपारी त्याच्याच घरून बैल मागून आणावे लागत. त्यामुळे टीका कामावर राही. माणसापर्यंत जाताना तिला थांबावे लागे. झाडीबोलीत ‘काम’ हाच शब्द भूमिकेसाठी व शेतातील श्रमासाठी वापरतात, हेही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. कामाची पारख करता येते, कामाची उणीव दाखविता येते. काम करणाऱ्याच्या जन्माशी त्याचा संबंध नसतो.

प्रेक्षकाने मुकाट बसावे असा या विवेचनाचा अर्थ नव्हे. संयुक्त ‘मानापमान’ ज्यांच्या वादामुळे घडून आला तेही प्रेक्षकच होते, आणि संवादांवर हरकत घेऊन ते बदलावयास लावणारेही प्रेक्षकच. पात्रावर त्यांचा अधिकार आहे, कारण पात्र अखेर त्यांच्याच मनात टिकते. प्रश्न इतकाच आहे की हा अधिकार कोणत्या क्रियापदाने बजावावयाचा. साळुंके, पागनीस, मोडक, खोटे यांच्यापैकी एकही जण नुसत्या ‘शोभण्या’च्या कसोटीस उतरला नसता, आणि तसे झाले असते तर आपला नाट्य-चित्रपटेतिहास किती दरिद्री झाला असता याची कल्पना करून पाहावी.

टपरीवरील त्या मुलांचा वाद कसा मिटला हे सांगून लेख पुरा करतो. वाद घालणाऱ्यांपैकी एकाने अखेर विचारले, “तू तो पूर्ण पाहिलास का?” दुसऱ्याने पाहिला नव्हता. “मग आधी पाहून घे,” असे म्हणून पहिल्याने चहाचे पैसे दिले. पात्रयोजनेविषयीच्या कोणत्याही चर्चेत हा प्रश्न पहिल्याने विचारला जावा, एवढीच या अभ्यासाची फलश्रुती आहे.